रक्तांतील माग : एकाच कुळांतील विषाणु वेगळे कसे ओळखतात

गेल्या सत्रांत शरीरशास्त्राचा पाठ चालला असतां एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, "सर, रक्त तपासून अमुक रोग आहे असें सांगतात, तेव्हां त्या रक्तांत रोगाचा जंतु दिसतो काय?" प्रश्न साधा होता, उत्तर मात्र तितकें साधें नव्हतें. पुष्कळ तपासण्यांत जंतु मुळींच दिसत नाहीं. तो शरीरांत शिरल्याची खूण तेवढी पाहतात. आणि जेथें एकाच कुळांतील दोन विषाणूंच्या खुणा एकमेकींसारख्या असतात, तेथें "हा कीं तो" हें ठरविणें मोठें नाजूक काम होऊन बसतें. इतकें सांगेपर्यंत घंटा झाली व उत्तर अर्धेंच राहिलें. तें पुरें करावें, आणि विद्यार्थ्यांबरोबर त्यांच्या पालकांसही तें वाचावयास मिळावें, म्हणून हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे.

जुन्या काळीं आमच्याकडे गांवांत चोरी झाली म्हणजे माग काढणाऱ्यास बोलावीत. चोर त्यानें पाहिलेला नसे. ओल्या मातींत उमटलेलें पाऊल, टाचेचा दाब, वहाणेचा तुटका अंगठा, एवढ्यावरून तो सांगे कीं, येथून अमक्या चालीचा माणूस गेला. परंतु दोघे सख्खे भाऊ एकाच कारागिराकडून वहाणा करवीत असले तर? तळव्याचा आकार एक, कातडें एक, टांकेही एक. अशा वेळीं चांगला जाणता सारखेपणा पाहत बसत नसे. एकाच्या वहाणेस जो एक खिळा अधिक असेल तो शोधीत असे. रक्ताच्या तपासणींत आज नेमकें हेंच करतात.

कुळाची ओळख

सजीवांच्या पेशींत माहितीचा ओघ बहुधा एकाच दिशेनें वाहतो. डीएनए ह्या मूळ ग्रंथावरून आरएनए ही नक्कल निघते व त्या नकलेवरून प्रथिनें बनतात. कांहीं विषाणूंपाशीं मात्र मूळ ग्रंथच आरएनएचा असतो. पेशींत शिरल्यावर ते त्यावरून उलट डीएनए तयार करतात आणि तो पेशीच्या स्वतःच्या डीएनएमध्यें गुंफून टाकतात. हें उलटें काम करणारें विकर अमेरिकेंत हॉवर्ड टेमिन व डेव्हिड बाल्टिमोर ह्यांनीं १९७० सालीं स्वतंत्रपणें शोधून काढलें, आणि १९७५ सालीं रेनाटो डल्बेको ह्यांच्यासह त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. उलट वाटेनें जाणारे म्हणून ह्या विषाणूंस रेट्रोव्हायरस हें नांव पडलें.

ह्या स्वभावाचा एक परिणाम आपल्या विषयास फार महत्त्वाचा आहे. गोवर बरा झाला म्हणजे त्याचा विषाणु निघून जातो, पण त्याच्याविरुद्ध शरीरानें तयार केलेलीं प्रतिपिंडें मागें राहतात. तीं केवळ गतकाळची साक्ष देतात. रेट्रोव्हायरसाचें तसें नाहीं. घरांत आलेल्या पाहुण्यानें घराच्या दस्तऐवजांतच आपलें नांव घुसडून द्यावें, तसा तो वागतो. तो सहसा जात नाहीं. म्हणून मोठ्या माणसाच्या रक्तांत ह्या कुळाचीं प्रतिपिंडें निश्चितपणें सांपडलीं म्हणजे विषाणु अद्याप घरांतच आहे असें समजावयाचें.

माणसांत आढळणाऱ्या ह्या विषाणूंपैकीं चार नांवें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावीं. एचटीएलव्ही-१ ह्याचा वृत्तान्त अमेरिकेंतील रॉबर्ट गॅलो ह्यांच्या प्रयोगशाळेंतून १९८० सालीं प्रसिद्ध झाला व एचटीएलव्ही-२ ह्याचा १९८२ सालीं. एचआयव्ही-१ हा पॅरिसच्या पास्तर संस्थेंत १९८३ सालीं, तर एचआयव्ही-२ तेथेंच १९८६ सालीं वेगळा करण्यांत आला. पहिले दोघे एका घरचे व दुसरे दोघे दुसऱ्या घरचे. चौघेही रक्तांतील टी नांवाच्या पांढऱ्या पेशींवर जाऊन बसतात. परंतु एचटीएलव्ही-१ कांहीं लोकांत त्या पेशींची बेसुमार वाढ करवितो, तर एचआयव्ही त्यांचा हळूहळू नाश करतो आणि शेवटीं एड्स हा विकार उद्भवतो.

रंग येतो तो कसा

शरीरांत परकी वस्तु शिरली म्हणजे विशिष्ट पांढऱ्या पेशी प्रतिपिंडें नांवाचीं प्रथिनें तयार करतात. ज्या परक्या वस्तूमुळें तीं तयार होतात तिला प्रतिजन म्हणतात. प्रतिपिंड संपूर्ण विषाणूस ओळखीत नसतें. विषाणूच्या एखाद्या प्रथिनाचा अगदीं लहानसा भाग, कांहीं मोजक्या अमिनो आम्लांचा तुकडा, एवढ्यावरच तें नेमकें बसतें. एकाच विषाणूवर असे अनेक तुकडे असतात. म्हणून एकाच रुग्णाच्या रक्तांत नानाविध प्रतिपिंडें एकत्र असतात. ही गोष्ट पुढें उपयोगीं पडणार आहे.

प्रतिपिंडें डोळ्यांस दिसत नाहींत. तीं दिसतीं करण्याची एक उत्तम युक्ति स्टॉकहोम येथें एव्हा एंगव्हाल व पीटर पर्लमान ह्यांनीं १९७१ सालीं प्रसिद्ध केली. तिला संक्षेपानें एलायझा म्हणतात. तिची कृति येणेंप्रमाणें असते :

पहिल्यानें प्लॅस्टिकच्या तबकडींतील बारीक वाट्यांच्या तळाशीं विषाणूचीं प्रथिनें चिकटवून ठेवतात. दुसऱ्यानें रुग्णाच्या रक्ताचें रक्तजल, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारा पिंवळसर द्रव, पातळ करून त्या वाटींत घालतात. त्यांत योग्य प्रतिपिंडें असलीं तर तीं तळाच्या प्रथिनांस घट्ट धरून बसतात. तिसऱ्यानें वाटी धुतात. जें चिकटलें नाहीं तें वाहून जातें. चौथ्यानें मानवी प्रतिपिंडांस ओळखणारें दुसरें प्रतिपिंड घालतात. ह्या दुसऱ्याच्या पाठीवर एक विकर बांधलेलें असतें. पुन्हा धुतात. शेवटीं त्या विकरामुळें रंग बदलणारा पदार्थ घालतात. पहिलें प्रतिपिंड तेथें असेल तर दुसरें राहतें, दुसरें राहिलें तर विकर राहतें, आणि विकर असेल तर रंग येतो. रंग नाहीं तर प्रतिपिंड नाहीं.

येथें धुण्याची पायरी किती महत्त्वाची आहे पाहा. नीट धुतलें नाहीं तर विकर उगीच मागें राहून निरोगी माणसाच्या वाटींतही रंग येईल. आमच्या प्रयोगशाळेंत परीक्षानळी धुण्याचा कंटाळा करणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हें विसरूं नये.

सारखेपणा फसवितो

आतां मुख्य अडचणीकडे वळूं. ह्या विषाणूंचीं प्रथिनें स्थूलमानानें तीन प्रकारचीं असतात : आंतील गाभ्याचीं, काम करणाऱ्या विकरांचीं आणि बाहेरील आवरणाचीं. गाभ्याचीं प्रथिनें विषाणूचा सांगाडा होत. घराचे खांब व तुळया ज्याप्रमाणें वाटेल तशा बदलतां येत नाहींत, त्याप्रमाणें गाभ्यांत फार फेरफार झाले तर विषाणु उभाच राहत नाहीं. म्हणून दोन नातलग विषाणूंचे गाभे एकमेकांसारखे राहतात. आवरणाची गोष्ट निराळी. तें शरीराच्या रक्षक दळाच्या सतत नजरेसमोर असतें. जो विषाणु आपला मुखवटा बदलतो तो वांचतो. म्हणून आवरणाचीं प्रथिनें अधिक वेगानें बदलत जातात. एचआयव्ही-१ व एचआयव्ही-२ ह्यांच्या गाभ्यांतील प्रथिनांत निम्म्याहून अधिक अमिनो आम्लें सारखीं आहेत; आवरणांत हें साम्य निम्म्याहूनही कमी भरतें.

ह्याचा परिणाम असा कीं, एचआयव्ही-२ झालेल्या माणसाचीं कांहीं प्रतिपिंडें एचआयव्ही-१ च्या गाभ्यावरही जाऊन बसतात. ह्या प्रकारास परस्परप्रतिक्रिया म्हणतात. वाटींत रंग येतो, पण त्यावरून कुळ कळतें, व्यक्ति कळत नाहीं. वहाणेचा ठसा ओळखूं येतो. कोणत्या भावाचा, हें येत नाहीं.

पॅरिस, डकार आणि लिस्बन

हा भेद प्रत्यक्षांत कसा उलगडत गेला ह्याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

१९८३ सालीं पास्तर संस्थेंत फ्रान्स्वाझ बारे-सिनूसी, ल्यूक मॉंतान्ये व त्यांचे सहकारी ह्यांना एका रुग्णाच्या गाठींतील पेशींत नवा रेट्रोव्हायरस सांपडला. त्या वेळीं मानवी रेट्रोव्हायरस म्हणून एचटीएलव्हीच ठाऊक होते; तेव्हां हा त्यांपैकींच एक काय, हा प्रश्न साहजिक होता. त्यांनीं एचटीएलव्हीविरुद्धचीं नेमकीं प्रतिपिंडें नव्या विषाणूच्या प्रथिनांवर लावून पाहिलीं. तीं त्यांस धरीनात. ह्यावरून हा निराळा विषाणु आहे असें त्यांनीं नोंदविलें. १९८४ सालीं गॅलो ह्यांच्या प्रयोगशाळेनें एड्सच्या विषाणूस एचटीएलव्ही-३ असें नांव दिलें होतें. पण तो त्या घरचा नव्हे हें स्पष्ट होत गेलें व १९८६ सालीं एचआयव्ही हें नांव ठरलें. बारे-सिनूसी व मॉंतान्ये ह्यांस २००८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

दुसरें प्रकरण त्याहून सुरस आहे. १९८५ सालीं पश्चिम आफ्रिकेंतील सेनेगल देशाच्या डकार नगरींत सुलेमान म्बूप ह्यांनीं गोळा केलेले रक्ताचे नमुने फ्रान्सिस बारें, फिलिस कँकी, मॅक्स एसेक्स इत्यादिकांबरोबर तपासण्यांत आले. एड्सच्या विषाणूच्या प्रथिनांशीं कांहीं नमुने जुळत होते, पण अर्धवटच. गाभ्यावर प्रतिक्रिया होई, आवरणावर धड होत नसे. त्याच सुमारास अमेरिकेंत पाळलेल्या मकाक जातीच्या माकडांत एक नातलग विषाणु सांपडला होता. त्या माकडांच्या विषाणूचीं प्रथिनें घेऊन पाहतां सेनेगलच्या रक्तांतील प्रतिपिंडें त्यांच्या आवरणावर चोख बसलीं! माणसाचें रक्त माणसाच्या ज्ञात विषाणूपेक्षां माकडाच्या विषाणूस अधिक ओळखतें, ह्याचा अर्थ एकच होता : माणसांत आणखी एक, अद्याप कोणीं न पाहिलेला भाऊ वावरत होता. चोर दिसला नव्हता. माग दिसला होता.

तो भाऊ लिस्बनमार्गें सांपडला. पोर्तुगालच्या त्या राजधानींत गिनी-बिसाऊ व केप व्हर्द येथून आलेले कांहीं रुग्ण होते. लक्षणें एड्सचीं, पण तपासणीचा निकाल जुळत नव्हता. मारिया ओडेट फेरेरा ह्या पोर्तुगीज विदुषींनीं त्यांच्या रक्ताचे नमुने स्वतः पॅरिसला नेले. तेथें फ्रान्स्वा क्लाव्हेल, मॉंतान्ये आदिकरून संशोधकांनीं त्यांतून विषाणु वेगळा केला व १९८६ सालीं तो प्रसिद्ध झाला. तोच एचआयव्ही-२. पुढें असेंही कळलें कीं, एचआयव्ही-१ हा मूळचा चिंपांझी माकडांच्या विषाणूपासून व एचआयव्ही-२ हा पश्चिम आफ्रिकेंतील सूटी मँगाबे जातीच्या माकडांच्या विषाणूपासून माणसांत आला. पाळलेल्या मकाकांसही तो मँगाबेंपासूनच लागला होता. डकारचें रक्त मकाकांच्या विषाणूस कां ओळखीत होतें, ह्याचा उलगडा येथें होतो.

ह्या इतिहासांत एक ठेंचही आहे व ती लपविणें शास्त्रास शोभणार नाहीं. डकारच्या नमुन्यांतूनही एक विषाणु वेगळा केल्याचें १९८६ सालीं जाहीर होऊन त्यास एचटीएलव्ही-४ असें नांव देण्यांत आलें होतें. १९८८ सालीं असें सिद्ध झालें कीं, तो माणसाचा विषाणु नसून प्रयोगशाळेंतील माकडांचाच विषाणु चुकून त्या पेशींत मिसळला होता. प्रतिपिंडांनीं दिलेली साक्ष मात्र खोटी ठरली नाहीं. माग खरा होता. पकडलेला तेवढा भलता निघाला.

अधिकाचा खिळा

आतां भाऊ वेगळे ओळखण्याच्या रीति पाहूं. त्यांतील एक पाश्चात्य चित्रपटासारखें नांव असलेली वेस्टर्न ब्लॉट ही होय. १९७९ सालीं बाझल येथें हॅरी टोबिन व त्यांचे सहकारी ह्यांनीं हिचें तंत्र वर्णन केलें व १९८१ सालीं नील बर्नेट ह्यांनीं तिला हें नांव दिलें. विषाणूचीं प्रथिनें एका जेलमधून विजेच्या साह्यानें ओढतात. लहान प्रथिनें लांब जातात, मोठीं मागें रेंगाळतात. मग तीं जशीं पसरलीं तशींच एका पातळ कागदासारख्या पट्टीवर उतरवून घेतात व त्या पट्टीवर रक्तजल सोडतात. एलायझांत सर्व प्रथिनें एका वाटींत मिसळलेलीं असल्यामुळें रंग कोणामुळें आला हें कळत नाहीं. येथें प्रत्येक प्रथिनाची जागा वेगळी असल्यामुळें निरनिराळ्या आडव्या रेघा उमटतात. ज्या रेघेशीं रंग आला त्या प्रथिनाचें प्रतिपिंड रक्तांत आहे.

एचआयव्हीच्या बाबतींत गाभ्याची रेघ एकटीच उमटली तर तिजवर फारसा भरंवसा ठेवीत नाहींत. आवरणाच्या रेघांना महत्त्व देतात. त्यांतही एचआयव्ही-१ च्या आवरणांतील जीपी-४१ व एचआयव्ही-२ च्या आवरणांतील जीपी-३६ ह्या दोन प्रथिनांचे असे लहान तुकडे शोधून काढलेले आहेत कीं, ते दोहोंत भिन्न आहेत व बहुतेक सर्व बाधितांचें शरीर त्यांविरुद्ध जोरदार प्रतिपिंडें करतें. हे तुकडे प्रयोगशाळेंत कृत्रिम रीतीनें बनवून एकाच पट्टीवर निरनिराळ्या ठिकाणीं बसवितात. कोणती रेघ उमटली ह्यावरून भाऊ ओळखतात. आमच्या वाचकांनीं पाहिलेल्या बोटभर लांबीच्या झटपट तपासणीच्या पट्ट्यांपैकीं कांहींत हेंच तत्त्व आहे.

एचटीएलव्हीच्या दोघां भावांचीही अशीच कथा. ह्यांचे जनुकसंच सुमारें दोनतृतीयांश सारखे असल्यामुळें साधी एलायझा बहुधा दोघांसही पकडते, पण वेगळें करीत नाहीं. मग पट्टीवर दोन गोष्टी पाहतात. गाभ्याच्या पी-१९ व पी-२४ ह्या रेघांपैकीं पी-१९ गडद असली तर पहिल्या प्रकाराकडे, पी-२४ गडद असली तर दुसऱ्याकडे संशय जातो. खरा निर्णय मात्र जीपी-४६ ह्या आवरणाच्या प्रथिनावरून होतो. त्याचा पहिल्या विषाणूंतील एक तुकडा व दुसऱ्यांतील एक तुकडा पट्टीवर स्वतंत्र मांडलेले असतात. हाच तो अधिकाचा खिळा.

तरीही कधीं कधीं दोन्ही रेघा उमटतात. मग माणसास दोन्ही विषाणूंची बाधा आहे, कीं बाधा एकाची असून प्रतिपिंडें मात्र दोहोंवर बसत आहेत? येथें रक्तजल उत्तरोत्तर अधिक पातळ करून पाहण्याची जुनी रीत आहे. ज्या विषाणूमुळें प्रतिपिंडें जन्मलीं त्याच्याशीं तीं पुष्कळ पातळ केल्यावरही जुळतात. उसन्या ओळखीचा रंग लवकर मावळतो. एवढ्यानेंही उलगडा झाला नाहीं तर माग सोडून प्रत्यक्ष चोराकडे जावें लागतें, म्हणजे विषाणूच्या जनुकांचा शोध घ्यावा लागतो.

एवढा खटाटोप कशासाठीं?

एखादा पालक म्हणेल, "भाऊ कोणताही असो, रोग तो रोगच. नांवाच्या घोळानें काय बिघडतें?" पुष्कळ बिघडतें. एचआयव्हीवर नेव्हिरापिन व एफाव्हिरेंझ हीं औषधें वर्षानुवर्षें दिलीं गेलीं. एचआयव्ही-१ वर तीं गुणकारी ठरलीं. एचआयव्ही-२ वर तीं चालत नाहींत. ज्यास दुसरा विषाणु आहे त्यास पहिल्याचें औषध दिलें तर तो माणूस नेमानें गोळ्या घेईल, आपण बरे होत आहोंत असें समजेल, आणि विषाणु आपलें काम निर्वेधपणें करीत राहील. शिवाय रक्तांत विषाणु किती आहे हें मोजणाऱ्या पुष्कळ चांचण्या केवळ एचआयव्ही-१ साठीं बनविलेल्या असतात. दुसऱ्या भावाचें रक्त त्यांत घातलें तर "कांहीं आढळलें नाहीं" असें खोटें समाधान मिळतें. पुढें आलेलें डोल्युटेग्रॅव्हिर हें औषध दोहोंवर चालतें, ही समाधानाची गोष्ट आहे.

एचटीएलव्हीच्या बाबतींत बातमी सांगण्याची रीतच निदानावर अवलंबून असते. जपानांत क्योतो येथील तकात्सुकी व उचियामा ह्यांनीं १९७७ सालीं प्रौढांतील एका रक्तकर्करोगाचें वर्णन केलें. बहुतेक रुग्ण दक्षिणेकडील भागांत जन्मलेले होते. १९८१ सालीं हिनुमा ह्यांनीं दाखविलें कीं, त्या सर्व रुग्णांच्या रक्तांत एका विषाणूविरुद्ध प्रतिपिंडें आहेत. पण त्या भागांतील तपासलेल्या निरोगी प्रौढांपैकीं २६ टक्क्यांतही तीं होतीं. म्हणजे विषाणु असणें व रोग होणें ह्या दोन भिन्न गोष्टी ठरल्या. एचटीएलव्ही-१ असलेल्या बहुसंख्य लोकांस जन्मभर कांहींही होत नाहीं. थोड्यांस कर्करोग किंवा पायांची शक्ति हरण करणारा मज्जारज्जूचा विकार होतो. तो मातेच्या दुधांतून बाळास लागतो. म्हणून नागासाकी प्रांतांत १९८७ पासून गर्भवती स्त्रियांची तपासणी सुरू झाली व बाधित मातांस पर्यायी दुधाचा सल्ला देण्यांत येऊं लागला. एचटीएलव्ही-२ चें रोगाशीं असें ठाम नातें दिसून आलेलें नाहीं. दोघांत गल्लत केली तर एखाद्या मातेस विनाकारण धास्ती लागेल आणि दुसरीस आवश्यक सूचना मिळणार नाहीं.

आपल्या देशाची गोष्ट

१९८५-८६ च्या सुमारास मद्रास वैद्यकीय महाविद्यालयांतील सूक्ष्मजंतुशास्त्राच्या प्राध्यापिका डॉ. सुनीति सोलोमन ह्यांनीं सेल्लप्पन निर्मला ह्या आपल्या विद्यार्थिनीस एचआयव्हीच्या शोधाचें काम दिलें. भारतांत तो नसणारच असें पुष्कळांस वाटत होतें. निर्मलांनीं मद्रासमधील स्त्रियांच्या रक्ताचे नमुने मिळविले, घरगुती साधनांनीं त्यांतील रक्तजल वेगळें करण्यांत आलें, व तें त्यांनीं आपल्या घरच्या शीतकपाटांत ठेविलें. एलायझाची सोय मद्रासेंत नव्हती. म्हणून त्या रात्रीच्या आगगाडीनें नमुने घेऊन वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत गेल्या. तेथें सहा वाट्यांत पिंवळा रंग आला. रंग आला म्हणून कोणी डांगोरा पिटला नाहीं. नमुने अमेरिकेंत पाठवून वेस्टर्न ब्लॉटनें खात्री केल्यावरच वार्ता प्रसिद्ध करण्यांत आली. डॉ. सोलोमन ह्या माहेरच्या गायतोंडे, मद्रासेंत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील होत्या, हें आमच्या वाचकांस ऐकून आनंद वाटेल. १९९३ मध्यें त्यांनीं वडिलांच्या नांवानें रुग्णसेवेची संस्था काढली. २०१५ सालीं त्या निवर्तल्या. २०१७ सालीं त्यांस मरणोत्तर पद्मश्री देण्यांत आली.

एचआयव्ही-२ भारतांत, विशेषतः मुंबईंत, असल्याचें १९९१ सालीं प्रसिद्ध झालें. तेव्हांपासून "हा कीं तो" हा प्रश्न केवळ डकार व लिस्बनचा राहिला नाहीं. तो आपल्या दारांतला झाला.

चांचणीच्या मर्यादा

कोणतीही चांचणी ब्रह्मवाक्य नव्हे. प्रतिपिंडें तयार होण्यास कांहीं आठवडे लागतात. त्या अवधींत विषाणु असूनही रंग येत नाहीं. नवजात बालकाच्या रक्तांत आईचीं प्रतिपिंडें उतरलेलीं असतात व तीं सुमारें अठरा महिन्यांपर्यंत टिकूं शकतात. म्हणून बाळास बाधा आहे कीं नाहीं हें प्रतिपिंडांवरून ठरवीत नाहींत, जनुकांवरून ठरवितात.

आणखी एक गणित विद्यार्थ्यांनीं वहींत मांडून पाहावें. समजा, १०,००० माणसांपैकीं १० जणांस बाधा आहे. चांचणी त्या दहांस अचूक पकडते, पण निरोगी माणसांपैकीं शंभरांत एकाच्या बाबतींत चुकते. उरलेल्या ९,९९० पैकीं सुमारें १०० जणांच्या वाटींत खोटा रंग येईल. एकंदर ११० रंगीत वाट्यांपैकीं खऱ्या फक्त १०! म्हणजे रंग आलेल्या अकरांपैकीं दहा जण निरोगी. आतां त्या ११० जणांवर निराळ्या प्रतिजनाची, तितकीच चांगली दुसरी चांचणी केली तर १० खरे व सुमारें १ खोटा उरेल. तिसरीनें तोही बहुधा गळेल. लक्षणें नसलेल्या माणसास बाधित ठरविण्यापूर्वीं भारतांत तीन निरनिराळ्या चांचण्या करतात, त्याचें कारण हें आहे. तीच चांचणी तीनदां करण्यांत अर्थ नाहीं. जो साक्षीदार एकदां फसला तो त्याच ठिकाणीं पुन्हा फसेल. साक्षीदार वेगवेगळे पाहिजेत.

शेवटचे दोन शब्द

चांचणीच्या कागदावर एक ओळ लिहिलेली असते, पण ती ज्याच्या हातीं पडते त्याच्या घरांत त्या दिवशीं चूल पेटत नाहीं. म्हणून ती ओळ लिहिणाऱ्यानें पूर्ण खात्री करून घ्यावी, आणि ती ओळ दुसऱ्याची असेल तर आपण तिची चर्चा करूं नये. अर्धवट रंगावरून शेजाऱ्यास दूषण देणारा माणूस आणि वहाणेचा ठसा पाहून दोघां भावांपैकीं हाती लागेल त्यास बांधणारा, ह्यांत फरक नाहीं. ज्या विद्यार्थ्यानें आम्हांस प्रश्न विचारला त्यास एवढेंच सांगावयाचें कीं, रक्तांत चोर दिसत नाहीं, माग दिसतो. आणि माग वाचणाऱ्याचा पहिला गुण नजर नसून धीर हा आहे.

अभ्यासार्थ प्रश्न

१. गोवराचीं प्रतिपिंडें व रेट्रोव्हायरसाचीं प्रतिपिंडें ह्यांवरून निघणारीं अनुमानें भिन्न कां?
२. गाभ्याचीं प्रथिनें सारखीं व आवरणाचीं भिन्न असण्याचें कारण सांगा.
३. सेनेगलमधील रक्त माकडांच्या विषाणूशीं जुळलें, ह्यावरून शास्त्रज्ञांनीं काय ताडलें?
४. वरील उदाहरणांत १० ऐवजीं १,००० जण बाधित असते, तर रंग आलेल्यांपैकीं खरे किती निघाले असते? ह्या उत्तरावरून काय बोध होतो?